लॉनवरचा धान

अहेरी,
ता. ३ जून १९५६

ती. मुखरूभाऊंस भागीरथेचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. मनकर्णा आता भिंत धरून उभी राहते. पण बाबांनी नातीला अजून पाहिले नाही, याचे फार वाईट वाटते. तिच्या जन्माआधी ते इथे आले आणि दारातल्या हिरवळीच्या खड्ड्यात पाय मुरगळून पडले, तेही ह्यांच्या ऑफिसच्या मंडळींसमोर! तेव्हापासून म्हणतात, की त्या उबडखाबड जागेत मी पाय ठेवत नाई.

हे एवढे रेंजर, सारे जंगल राखतात, पण दारातले लॉन सपाट होत नाही. काय करावे ते कळवा. बाबा आलेच पाहिजेत.

मामाने मनीची आठवण असू द्यावी.
भागीरथा

ब्रह्मपुरी,
ता. १२ जून १९५६

चि. सौ. भागीरथा हीस अ. आ. वि. वि.

पत्र वाचून पोट धरून हसलो. आम्ही जन्मभर गवत उपटतो आणि तुम्ही ते मुद्दाम लावता! बाबांना पत्र वाचून दाखवले, तर तोंड फिरवून बसले. जेवणानंतर मात्र आपणहून म्हणाले, की तिले सांग, धानाच्या बांधीसारखं पाणी भर, मंग उंच-सखल दिसते. गवताचे थर काढून खाली मऊ माती भरायची, फळी फिरवायची आणि गवत परत बसवायचे. येता का, असे विचारले तर म्हणाले, की मी येतो असं नाई म्हटलं.

रेंजरसाहेबांस नमस्कार. ममता ठेवावी.
मुखरू

अहेरी,
ता. १५ जुलै १९५६

ती. मुखरूभाऊंस शि. सा. न. वि. वि.

बाबांनी सांगितले तसेच केले. वजन पडावे म्हणून हे स्वतः फळीवर उभे राहिले, शेजारच्या शेतकरी इसरूने आपले बैल हाकले, आणि साहेब चिखलात आडवे! जागा मात्र ताटासारखी सपाट झाली.

पण भाऊ, चूक माझी. मऊ माती हवी म्हणून मी इसरूच्या धानाच्या खळ्यातली आणवली. पाऊस पडला आणि जुन्या गवतातून हिरवेगार कोंब वर आले. नवीन गवत म्हणून ह्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवले. मी जवळ जाऊन पाहते तो धान! धानकऱ्याची लेक असून मला इतके दिवस कळले नाही. हे सारा उपटून टाकायला निघाले आहेत. बाबांना विचारून लवकर कळवा.

आपली वेंधळी बहीण,
भागीरथा

ब्रह्मपुरी,
ता. २१ जुलै १९५६

चि. सौ. भागीरथेस अ. आ.

तुझे पत्र ऐकता ऐकताच बाबा उठले. म्हणाले, की धान उपटून फेकाचा नसते, रोवाचा असते. त्या रेंजरच्या भरवशावर धान सोडता का? काठीसुद्धा विसरून मोटारीत बसले. हे पत्र मिळण्याआधी तेच पोचतील. सांभाळ.

मुखरू

अहेरी,
ता. २ ऑगस्ट १९५६

ती. मुखरूभाऊंस शि. सा. न. वि. वि.

बाबा सुखरूप पोचले. घरात न शिरता थेट धानात उतरले. दुसऱ्या दिवशी बांध घालून रोवणी! हे पाटलोण दुमडून वाकले होते आणि बाबा ओरडत होते, की जावईबापू, वाकडं काऊन रोवून राह्यले? मनी बाबांचे धोतर धरून चिखलात उभी. दोघांपैकी कोण कोणाला सावरत होते, देव जाणे. लॉन गेले म्हणून ह्यांनी थोडे तोंड पाडले, पण शेवटची ओळ स्वतः रोवली.

परत कधी जाणार, हे विचारायची मला भीती वाटत होती. काल ह्यांनीच विचारले. बाबा म्हणाले, की धान कापल्याबिगर मी कुठी जात नाई. मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडून घेतले.

भाऊ, त्यांचे घोंगडे पाठवा. कापणीपर्यंत थंडी पडेल.

आपली,
भागीरथा