सूर्य बुडाल्यावर

१८ ऑगस्ट २००२, रविवार

वैताग नुसता! आमच्या जैन स्थानकात पुण्याचा कोणी प्रोफेसर आला. पडद्यावर चित्रं दाखवत होता. म्हणे सूर्य बुडाला की पोटातलं कमळ मिटतं, शास्त्रात हजारो वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय, अमेरिकेनं आत्ता मान्य केलं. हे पहिल्या रांगेत, मान डोलवत. मी मागून विचारलं — सगळं लिहिलंय, तर आमच्या खुशबूची इन्सुलिनची सुई कुठल्या पानावर आहे? बायका हसल्या. हे घरी येताना दहा पावलं पुढं चालले.

दुसऱ्यानं शोधलं की मगच यांना पोथीत कसं सापडतं?

रात्री मीही खात नाही. अंधारात बारीक जीव मरू नयेत म्हणून. मला एवढं लई झालं. अमेरिकेचा शिक्का कशाला पाहिजे?

२५ ऑगस्ट

खुशबूनं चौविहार धरला. दिवस मावळला की पाणीसुद्धा नाही. मी बजावलं — सुई घेतली की जेवायचंच, हातपाय थरथरायला लागले तर साखर तोंडात टाकायची, रात्र असो नाहीतर दिवस. डॉक्टरांनीच सांगितलंय. तर म्हणते, उजेडातच जेवते की मम्मी!

ह्यांनी भरसभेत उठून सांगितलं — माझी मुलगी डायबिटीस असून चौविहार करते, शुगर उतरली, हाच पुरावा. सगळे वाहवा करत होते.

३१ ऑगस्ट

खुशबू गेली.

७ सप्टेंबर

मी अवसरीला भावाकडे होते. असायला नको होतं.

कॉलेजातून येताना जीप टोमॅटोच्या टेम्पोंत अडकली. पोरीनं जीपमध्येच सुई घेतली, घरी गेल्या गेल्या जेवायचं म्हणून. दारात आली तर दिवस बुडालेला. जेवली नाही. घाम फुटला, कापायला लागली. हे म्हणाले, तपानं असं होतं, शरीर शुद्ध होतंय. सून रिद्धी साखरेचं पाणी घेऊन गेली. पोरीनं तोंड फिरवलं. सकाळी उठलीच नाही.

शेजारची साळुबाई रडली — "तोंडात कोंबायची व्हती गं साखर, सूरजबाय." बाकीचे म्हणतात, व्रतात गेली, पुण्यवान.

हे भिंतीकडे तोंड करून पडून असतात. एकदाच बोलले, "तिला मनापासून पटलं होतं, सूरज." तेवढ्यावरच जगतायत.

१४ सप्टेंबर

रिद्धी आज बोलली. पाणी तोंडाशी नेलं तेव्हा खुशबू तिला म्हणाली होती, "भाभी, मला नाही गं पटत ते कमळबिमळ. पण पप्पांनी सभेत सांगितलंय ना."

रिद्धीला बजावलं, ह्यांच्या कानावर जाता कामा नये.