एका पाउंडाला खाली बसवलेलं गाणं

एमासिमिनी वस्ती
४ मार्च १९५७

ति. झोलिलेदादा यांस नोसांगोचा सा. न. वि. वि.

एक गंभीर तक्रार नोंदवते. आमच्या गायनमंडळाने यंदा बायकांना पांढरे मोजे सक्तीचे केलेत. माझ्या मापाचे पाय देवाने केले, मोजे मात्र कुणीच करत नाही.

आता खरं. शनिवारी चर्चच्या हॉलात जलसा आहे. आपली धाकटी खवेझी सरकारने आपल्या काळ्या बायकांवर लादलेल्या, सदैव जवळ बाळगायच्या पासांविरुद्धचं स्वतःचं नवं गाणं म्हणणार. वस्तीचे गोरे अधीक्षकसाहेब पहिल्या रांगेत असतील. गाणं झालं तर तिचा वस्तीत राहायचा परवाना रद्द करीन, असं त्यांनी बजावलंय. आपल्या खवेझी बाईसाहेब म्हणतात, पासच नको तर परवान्याचं काय लोणचं घालू? आईने अन्न सोडलंय. तूच चार शब्द लिही.

तुझ्या मायेच्या भरवशावर,
नोसांगो


जोहान्सबर्ग
७ मार्च

चि. नोसांगो हीस अ. आ.

लिहिलं तिला, स्तोत्र म्हण आणि मुकाट घरी ये. पण माझं तिला कधी पटलंय? तू पुढे बस आणि डोळे वटार. त्या डोळ्यांना घाबरून नवरीने माझं ठरलेलं लग्न मोडलं होतं. ही तर पोर. तिला गाऊ देऊ नकोस.

तुम्हा सगळ्यांचाच,
झोलिले


एमासिमिनी वस्ती
१२ मार्च

ति. दादा, सा. न. वि. वि.

खवेझीने पहिली ओळ उचलली आणि साहेब उठले. पैसे टाकून गाणारीला खाली बसवता येतं, हा आपला रिवाज त्यांना पाद्रीबुवांनी शिकवलेला. साहेबांनी अध्यक्षांच्या टेबलावर अख्खा पाउंड आपटला. पोर बसली. पण दुसऱ्यांनी जास्त टाकले की ती पुन्हा उठते, हे सांगायला पाद्रीबुवा विसरले होते!

मग काय विचारतोस! कुणी बसभाडं टाकलं, कुणी मयतफंडाचे शिलिंग. शेजारच्या मामतोलो मावशी ओरडल्या, की आता या महिन्यात मला मरायची सोय नाही. अध्यक्ष मुद्दाम सावकाश मोजत होते. नेमका एक पाउंड भरला. बरोबरी! साहेब हसले. तेवढ्यात टेबलावर एक पेनी पडली. साहेबांनी खिसे चाचपले, रिकामे. पाद्रीबुवांकडे पाहिलं, तर ते छत न्याहाळत होते. खवेझी उठली, तिच्यामागे सगळ्या बायका उठल्या. तीनदा म्हटलं गाणं, दादा!

काल परवाना रद्द झाला. शुक्रवारच्या गाडीने ती तुझ्याकडे निघतेय. तिकीट साहेबांच्याच पाउंडातून काढलं. वाटेतल्या दोन वस्त्यांनी गाणं शिकवायला तिला उतरवून घ्यायचं ठरवलंय, तेव्हा उशीर धरून चाल. आई रडली, पण जेवली.

मी पुढेच बसले होते. डोळेही वटारले, साहेबांवर.

रागव हवं तर, लोभ मात्र आटवू नकोस.
नोसांगो

ता. क. ती पेनी मी मामतोलो मावशींकडून उसनी घेतली होती. आज सकाळी देऊन आले.