बरणीतली माती

१२ जानेवारी २००३, कळमनुरी
माती पुन्हा कमी! बाळापूरच्या ओढ्याकाठची काळी माती—महिनाभर धुऊन, वस्त्रगाळ करून बरणीत भरलेली. कॉलेजच्या प्रयोगशाळेला धड कुलूप नाही म्हणून घरी आणली, तर घरातूनही जाते! बायकोला, ज्योतीला विचारलं. "मला काय ठावं," म्हणाली अन् भाकरी थापत राहिली. सहावा महिना आहे तिला, जास्त छेडलं नाही.

१५ जानेवारी
शिवहार सर आले होते. माझ्याच कॉलेजात शिकवतात, माझ्याच गाईडकडे पीएच.डी. करतात. चहाचं सांगून बाहेर येतो तर हे बरणीजवळ उभे! "काय बारीक झालीय हो माती, धम्मानंद सर!" होणारच. माझे हात सोलले त्यात.
साधी माती आणि अमाइन नावाचं रसायन मुरवलेली माती—दोन्ही नांदेडच्या विद्यापीठातल्या यंत्रात तापवायच्या, वजन कुठं घटतं ते बघायचं. दोन आलेखांतला फरक म्हणजेच माझा प्रबंध. यांनी माझ्याच मातीवर आधी छापलं तर माझी पाच वर्षं पाण्यात. हा माणूस मला पहिल्यापासून पटत नाही. फार गोड बोलतो.

१९ जानेवारी
अजून चमचाभर गेली.

२० जानेवारी
साध्या मातीच्या बरणीत अमाइनवाली भरली. दिसायला तशीच, वाळल्यावर वासही नाही. खरी साधी माती ट्रंकेत ठेवली, किल्ली माझ्याकडे. आता न्या म्हणावं! साधी समजून तापवतील आणि आलेखात अमाइन जळताना दिसेल. मग गाईडसमोर तोंड कसं दाखवतात ते बघतो. खोटं कशाला लिहू, मजा वाटून राहिली.

२३ जानेवारी
बरणी बरीच उतरलीय. काल शिवहार सर येऊन गेले होते. सापडले!
ज्योतीला मळमळतंय. पित्त असेल.

२५ जानेवारी, हिंगोली, दवाखाना
पहाटेपासून उलट्या. उलटीत काळी माती. "जीव मागतो म्हणून खाते रोज थोडी," म्हणाली. काहून सांगितलं नाहीस म्हटलं, तर, "तुमी त्या बरणीला हात लावू देत न्हाई. रागवाल म्हणून."
जीप शिवहार सरांनीच आणली. अजून बाहेर बाकड्यावर बसून आहेत.
डॉक्टरांना अमाइनचं नाव सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं.
सकाळपासून पोटात लेकरू हललं न्हाई, म्हणते.