भूतमहालातलं शेवटचं वळण

प्रिय शोभाताई,

हे पत्र दीप्ती तुला वाचून दाखवत असेल. दीप्ती, मध्ये आई ओरडली तरी थांबू नको. एक डोळा तर गेलाच आहे, आता दुसऱ्याचंही ऑपरेशन नको म्हणून तू हटून बसली आहेस, हे मला कळलं. फोनवर तो विषय काढला की तू फोन ठेवतेस. म्हणून लिहितोय.

मी सध्या जबलपूरजवळ भेडाघाटला नाव वल्हवतो. इथला एक नावाडी खडकांत हत्ती, घोडा, वकील, काहीही दाखवतो आणि लोक माना डोलावतात. ते जाऊ दे. त्याला पाहिलं की आपला भूतमहाल आठवतो. आपल्या मालकांनी, भैय्याजींनी, करमणुकीची बाग काढली तेव्हा नागपुरात भूतमहालाचंच कौतुक होतं म्हणे. रुळांवरची छोटी गाडी, आत काळोख, वळणावळणावर भुतं. रविवारी रांग पार पाळण्यांपर्यंत. मी आलो तोवर यंत्राची भुतं माना टाकून बसली होती, म्हणून माणसं ठेवलेली. तू चुडैल, मी बिनडोक्याचं भूत.

पहिल्याच दिवशी मी एका पैलवानाला असा घाबरवला, की तो गाडीतून उडी मारून माझ्याच गळ्यात पडला! तू विग काढून आलीस. "काहून गा, मारून टाकतं का त्याले? भेव दाखवणं अर्धं काम हाय. वापस कोण आणन, तुहा बाप?" मग तुझी रीत शिकवलीस. शेवटच्या वळणावर गाडीच्या पाठीवर दोनदा ठोकायचं. बसलेल्याला कळतं, मागं कोणीतरी आहे, उजेड आलाच.

पुढे मोटार जळाली. भैय्याजींनी नवी आणलीच नाही, गाडी आपणच मागून ढकलायचो. आपल्या धापा ऐकून लोक किंचाळायचे आणि बाहेर येऊन सांगायचे, धापा टाकणारं भूत सगळ्यांत भारी. तो उन्हाळा काय चालला, ताई! मग मॉलमध्ये डोळ्यांना चष्मा लावून भुतं बघायची सोय झाली. रांग आटली, रुळांत गवत आलं. दिवाळीनंतर आपली गाडी भंगारात गेली.

मी कुठेच टिकत नाही. कॉलेजात नाही, गॅरेजात नाही. भूतमहालात टिकलो ते तुझ्यामुळे. गावाहून, पारशिवनीहून, बाबा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी आत जाऊन रिकाम्या गाडीत बसलो होतो. तू मागून आलीस. एकटीनं गाडी ढकललीस, अख्खी फेरी. काळोखात तुझ्या धापा ऐकत मी पोटभर रडून घेतलं. शेवटच्या वळणावर तू दोनदा ठोकलंस. मग मी बाहेर आलो, तोंड धुतलं, गावाला गेलो. यावर मी कधी बोललो नाही. थँक यू म्हटलं असतं तर म्हणाली असतीस, "मोठा आला इंग्रजीवाला."

दीप्तीला तू खरं कारण सांगितलं नाहीस, पण मला अंदाज आहे. पट्टी बांधली की दोन्हीकडे काळोख, आणि या वेळी ढकलणारी तू नाहीस. चुडैल काळोखाला भिते, हे मी कोणाला सांगणार नाही. तू फक्त डॉक्टरला हो म्हण. मी बसचं तिकीट काढलंय, गुरुवारी धंतोलीच्या दवाखान्यात पोचतो. ऑपरेशननंतर तुझी चाकांची खुर्ची मीच ढकलीन, धापा टाकत, म्हणजे मागं कोण आहे ते कळत राहील. आणि पट्टी सोडायची वेळ आली, की खुर्चीच्या पाठीवर दोनदा ठोकीन.

तुझाच,
बिनडोक्या प्रशिक