तापाचं खोटं निमित्त

दादा,

बबडीला ताप आला म्हणून तुझ्या लेकीच्या लग्नाला आम्ही आलो नाही, असं मी कळवलं होतं. तिला ताप नव्हता. जन्मतःच शौचाची वाट नव्हती म्हणून तिचं ऑपरेशन झालं, हे तुला ठाऊक आहे. पण नवव्या वर्षीही कधीकधी तिचे कपडे खराब होतात, हे मी लपवलं. चारचौघांत शोभा नको, म्हणून.

परवा हॉस्पिटलात बोलावलं होतं. अशी ऑपरेशनं झालेली मुलं पुढे कशी जगतात, यावर तिथे संशोधन चाललंय. डॉक्टरीणबाईंनी मला गप्प बसवून तिलाच विचारलं, "सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो गं?"

मला वाटलं, पोटाचा म्हणेल.

"बाबा मला कुठे नेत नाहीत," ती म्हणाली. "आणि कुणी विचारलं की खोटं सांगतात."

दादा, मला मान वर करवेना. बाई एवढंच म्हणाल्या, "हे बऱ्याच मुलांनी सांगितलंय."

आत्ता ती माझ्या खांद्यावरून हे वाचतेय. म्हणाली, "पत्र कशाला? आपणच जाऊ या काकांकडे. माझे जास्तीचे कपडे मी घेईन."

म्हणून हे पाठवत नाही. रविवारी येतो. तोंडानं सांगताना जास्त लाज वाटेल, ती वाटू दे.

तुझ्याशी खोटं बोललेला,
धाकटा