चालू इंजिनाचं माप

मुलुंड,
मंगळवार

प्रिय प्रेमा,

'प्रिय' वाचून चंपा हसली असेल. हसू दे. आजवर मी तुला 'सौ. प्रेमास' असंच लिहीत आलो आणि खाली 'प्रकृतीस जपणे'. या वेळी आपली सूनबाई अनुपमा खांद्यावरून डोकावली आणि म्हणाली, बाबा, आईंना पत्र लिहिताय की नोटीस? म्हणून प्रिय. चंपे, तुझ्या आत्याला सगळं मोठ्याने वाचून दाखव, पण मी जिथे 'वाचू नको' म्हणेन तिथे खरंच वाचू नको.

पाय कसा आहे? प्लास्टर काढलं म्हणजे पाय बरा झाला असं समजू नको. ज्या विहिरीवर घसरलीस तिच्या बाजूला फिरकू नको, आणि भावाला म्हणावं पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडून काढ. चंपाने कार्डावर तुझा निरोप कळवला की एसटीचे धक्के पायाला सोसवणार नाहीत, आणि शिवाय इथे आत्याला शांत झोप लागते. तेव्हापासून ते कार्ड माझ्या सदऱ्याच्या खिशातच आहे. मी चौथी पास असलो तरी एवढं कळतं की पहिलं कारण पायाचं आहे आणि दुसरं माझं. गॅस बंद केलास का, कडी लावलीस का, असं विचारायला मी तुला झोपेतून उठवतो, ते खरंच आहे. पण दुसऱ्या कारणाचं नंतर बघू. पहिल्यावरचा इलाज खाली कंपाउंडमध्येच उभा होता.

आपल्या नंदूने आखातातून आणलेली ती जीप गं. तो परत नोकरीवर गेल्यापासून अनुपमाच चालवते. गाडीला क्लच नाही, गियर आपोआप पडतात, हे तुला ठाऊक आहेच. पण तू गावाला गेल्यापासून गाडीने अंग चोरलं. गियरचा दांडा पुढे ओढला की इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी मारक्या बैलासारखी जागेवर विचार करत उभी. स्टेशनजवळच्या मेकॅनिकला दाखवली. तो म्हणाला, असला गियरबॉक्स बापजन्मात उघडला नाही, वाट लागली समजा, भंगारात काढा. मग आपला दुसऱ्या माळ्यावरचा टॅक्सीवाला दशरथ बसला चालवायला. त्याचा डावा पाय सवयीने क्लच शोधत ब्रेकवर पडला आणि माझं कपाळ काचेवर. वर म्हणतो कसा, काका, ह्या गाडीक एक पाय कमी आसा! मी म्हटलं, जिला आणायचंय तिचाही एक कमीच आहे, तू उतर.

शेवटी अनुपमाने गाडीसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक काढलं. त्यात होतं की गियरबॉक्सचं तेल जळून काळं पडलं की असंच होतं, बदलून बघा. नंदूने आणलेले तेलाचे डबे, तेल गाळायची नवी जाळी, सगळं माळ्यावर पडून होतं. मी म्हटलं, तेलाचं माझ्यावर सोड. उभा जन्म गिरणीतल्या मशीनला तेल घालण्यात गेला.

रविवारी सकाळी काम काढलं. पुढची बाजू उचलून खाली ठोकळे लावले. मी चाकांना इतके दगड लावले की अनुपमा म्हणाली, बाबा, किल्ला बांधताय का? मग नंदूची जुनी पँट चढवून ती सरळ गाडीखाली शिरली. सोसायटीचे सेक्रेटरी राजारामभाऊ गॅलरीतून ओरडले, अहो, सुनेला कुठल्या कामाला लावलंत? ती खालूनच म्हणाली, भाऊ, तेवढा बारा नंबरचा पाना द्या ना. आले की गं खाली मुकाट्याने! पाना दिला, मग बॅटरी धरली, शेवटी त्यांचं पांढरं धोतरही कामी आलं.

गियरबॉक्सच्या खालचं ताट सोडवलं तर तेल एकदम आलं, काढ्यासारखं काळं आणि करपट वासाचं. घमेलं पुरेना. चंपे, पुढचं वाक्य वाचू नको. म्हणून तुझी मोठी परात घेतली. आता वाच. नवी परात आणून ठेवली आहे. चंपे, हे काय, तू तेही वाचलंस ना?

ताट पुसून, नवी जाळी बसवून, मी हाताने कापलेलं बुचाचं पॅकिंग लावून सगळं आवळलं. माझं पॅकिंग एक थेंब गळलं नाही, हे भावाला आवर्जून सांग. मग वरून लांब नळी लावून नवं तेल ओतलं. लालभडक, आपल्या कोकमाच्या आगळासारखं. आता फक्त सळी बुडवून माप बघायचं राहिलं, आणि तिथेच मी घोळ घातला.

पुस्तकात म्हणे लिहिलंय की माप इंजिन चालू ठेवूनच घ्यायचं. पण गिरणीत माझा एकच नियम होता. मशीन बंद केल्याशिवाय हात घालायचा नाही. लोकांची बोटं गेलेली मी डोळ्यांनी बघितली आहेत. अनुपमा इंजिन चालू करायची आणि मी ओरडायचो, बंद कर, बंद कर! बंद गाडीत सळी काढली की तेल खुणेच्या कितीतरी वर. मी म्हणायचो, जास्त झालं, आणि नळीने ओढून काढायचो. पुन्हा बघितलं, पुन्हा वर. पुन्हा काढलं. कंपाउंडभर लाल शिंतोडे उडाले, वॉचमन विचारायला आला की बकरा कोणी कापला. मग दांडा ओढला, तर गाडी जागची हलेचना. आधी निदान विचार तरी करत होती, आता तेही नाही. मी फूटपाथवर बसलो आणि वाटलं, झालं, आता प्रेमा येत नाही. चंपे, हे वाच. नीट वाच.

अनुपमा रागावली नाही. म्हणाली, बाबा, मशीन थांबलं की आतलं तेल सगळं खाली उतरतं, म्हणून जास्त दिसतं. चालू असताना ते आत फिरत असतं. आज एक दिवस 'बंद कर' म्हणू नका. मी दोन्ही हात खिशात घातले आणि ओठ मिटून उभा राहिलो. तिने ब्रेक दाबून दांडा सगळ्या खुणांवरून फिरवला, परत जागेवर आणला, आणि चालू इंजिनातली सळी मला ओढायला सांगितली. ओढली. तेल खुणेच्या खूप खाली. थोडं थोडं ओतत खुणेला आणलं. मग दांडा पुढे केला आणि काय सांगू, ओरडणं नाही, हिसका नाही, गाडी अशी निघाली की राजारामभाऊंना उडी मारून बाजूला व्हावं लागलं!

चेकनाक्यापर्यंत जाऊन आलो. मी मागच्या सीटवर, तुला बसावं लागेल तसा, पाय लांब करून बसलो होतो, हातात काठोकाठ पाण्याचा पेला. नाक्याजवळच्या खड्ड्यात थोडं सांडलं, बाकी सगळं घरी परत आणलं. लोक बघत होते. बघू देत.

म्हणजे पहिलं कारण मिटलं. शनिवारी पहाटे निघतो. गाडी अनुपमा चालवेल. घाटात सोबत म्हणून दशरथ असेल, पण त्याला पाय पोटाशी घेऊन बसायला सांगितलंय. दुसऱ्या कारणाचं मात्र कुठल्या पुस्तकात काही नाही. मी सुधारेन, तुला उठवणार नाही, असं लिहिलं असतं, पण ते खोटं ठरेल आणि तू मला ओळखतेस. म्हणून हे पत्र आधी पाठवतोय, की तुला विचार करायला वेळ मिळावा. यायचं असेल तर मागच्या सीटवर गादी घातली आहे. यायचं नसेल तर तसं सांग, मी एका शब्दाने गळ घालणार नाही. अनुपमा आणि दशरथ गाडी घेऊन परत जातील. मी जाणार नाही. माझी ट्रंक भरून झाली आहे, त्यात दोन्ही चष्मे आणि हिवाळ्याची कानटोपीसुद्धा आहे. भावाला म्हणावं, मला ओटीवर एक चटई पुरे. तिथून तुला माझी हाक ऐकू येणार नाही, आणि मला तुझी खोली दिसेल.

तुझाच,
धाकू