डावा पाय आधी

बाबा, गेल्या महिन्यात या वहीत तुम्हाला लिहिलं, त्यातली एक गोष्ट खोटी आहे. ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं, योगाच्या वर्गात पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या बहनजींनी विचारलं की आधी कुणाकडे शिकलीस, आणि मी सांगितलं, वडिलांकडे. तसं झालं नाही. मी म्हणाले, "किताब से." तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, हे तुम्ही वाचणार नाही, तरी तुमच्यापाशीसुद्धा मी बरं दिसेल ते लिहिलं. तेव्हापासून वही उघडायला हात होत नव्हता.

नैरोबीहून जयपूरला येऊन तेव्हा चारच दिवस झाले होते. योगाचा वर्षाचा अभ्यासक्रम, आणि राहायला वैशाली नगरात मावशीकडे. काका विमा कंपनीत, बदली होऊन इथे आलेले. पहाटे मी उठते तेव्हा मावशी स्वयंपाकघरात स्वेटरवर शाल घेऊन उभी असते. वर्गाला उपाशी पोटी जायचं असतं, हे तिला पटत नाही. गरम पाण्याचा पेला पुढे करते आणि दशम्या पिशवीत घालते. मावसबहीण पांघरुणातूनच विचारते, "ताई, मतलब तू समुद्र ओलांडून उठाबशा शिकायला आलीस?" पहिली सिटी बस मिळाली तर मी वेळेत पोचते. फरशी इतकी गार असते की सतरंजीवरून पाय खाली ठेववत नाही.

त्या दिवशी सूर्यनमस्कारात सगळ्यांचा उजवा पाय मागे गेला आणि माझा डावा. शेजारी उभ्या अजमेरच्या मुलीला माझा पाय लागला, मागे कुणीतरी हसलं. बहनजी जवळ आल्या, त्यांनी विचारलं, आणि मी पुस्तकाचं नाव पुढे केलं. बाबा चुकीचं शिकवायचे असं कुणी म्हणू नये म्हणून, असं लिहिणार होते. पण तेही पूर्ण खरं नाही. वर्गात मोठमोठ्या आश्रमांत राहून आलेल्या मुली होत्या, दोघी तर परदेशी, आणि माझे वडील रेल्वेच्या कचेरीत कारकून. मला लाज वाटली. बहनजींनी नुसता माझ्या उजव्या घोट्याला हात लावला.

चूक कुठून आली ते मला मावशीकडे परत गेल्यावर समजलं. नैरोबीतला आपला व्हरांडा. तुम्ही बनियन आणि खाकी अर्ध्या चड्डीत, कचेरीला जायच्या आधी, माझ्याकडे तोंड करून उभे आहात. तुमचा उजवा पाय मागे जातो, आणि मी सात वर्षांची, समोर दिसतो त्या बाजूचा पाय मागे नेते. तो माझा डावा. तुम्हाला समोर आरशासारखं जुळलेलं दिसतं, तुम्ही मान हलवता. सहा वर्षं आपण तसंच केलं. एकदा शाळेची घाई होती म्हणून मी नमस्कार भराभर उरकले, तेव्हा तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, "घाई असेल तर आज राहू दे. उद्या कर, पण नीट कर." त्या दिवशी मी शाळेत उशिरा गेले होते.

गेल्या आठवड्यात शिकवण्याचा सराव सुरू झाला. एकेकीनं पुढे यायचं, वर्गाकडे तोंड करायचं आणि स्वतः करत करत सांगायचं. सगळ्या अडखळल्या. तोंडानं उजवा म्हणायच्या, स्वतःचाही उजवाच न्यायच्या, आणि पहिल्या रांगेतल्या त्यांच्याकडे बघून डावा न्यायच्या. शिकवणारीनं उलटं करायचं असतं, ते कुणाच्या अंगवळणीच पडेना. माझी पाळी आली. मी "उजवा" म्हटलं, माझा डावा पाय आपोआप मागे गेला, आणि समोरच्या सगळ्यांचा उजवा. अजमेरची मुलगी म्हणाली, "इनका तो जन्म से ही उल्टा है," आणि या वेळी मीसुद्धा हसले. बहनजी हसल्या नाहीत. वर्ग सुटल्यावर सतरंज्या गुंडाळताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "बेटा, किताब सामने खड़ी नहीं होती. तुम्हारे सामने कोई खड़ा था."

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी खाली बघून सतरंजीची गुंडाळी घट्ट करत राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

इथे एक रीत आहे. पहिला वर्ग घ्यायच्या आधी प्रत्येकीनं उभं राहून, आपल्याला प्रथम कुणी शिकवलं त्याचं नाव सांगायचं, मगच सुरुवात करायची. मला कॉलनीतल्या नव्या बायकांची तुकडी दिली आहे. मागे बहनजी बसतील, सगळ्या मुलीही असतील. आईला हवाई टपालाच्या एरोग्रामवर मी फक्त वर्ग मिळाल्याचं कळवलं आहे, बाकीचं नाही. तुमचं नाव मी कधी मोठ्यानं घेतलेलंच नाही, घरात आपण बाबाच म्हणायचो. आज दुपारी गच्चीत कुणी नसताना म्हणून पाहिलं. पहिल्यांदा आवाज आडनावापर्यंत पोचला नाही. तिसऱ्यांदा पोचला. उद्या आणि परवा अजून म्हणून बघणार आहे, घाई न करता. येत्या गुरुवारी, सकाळी सहा वाजता, डावा पाय मागे नेण्याआधी, ते सगळ्यांसमोर घ्यायचं आहे.